'बोर्ड गेले' म्हणण्यापूर्वी
यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या संगणकाचा दोष कसा शोधावा?

संगणक व मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आता एका नव्या वस्तूची भर पडली आहे. बँकेच्या कार्डाएवढ्या एकाच बोर्डावर प्रोसेसर, मेमरी आणि जोडणीच्या जागा असलेला हा पूर्ण संगणक असतो. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी प्रकल्पासाठी तो घेतो, लहान कारखानदार यंत्रावरील नोंदी ठेवण्यासाठी बसवतो. "काल चालत होते, आज लॅपटॉपला लावले तर काहीच दिसत नाही," ही त्यांची नेहमीची तक्रार. अशा वेळी "बोर्ड गेले" असे सांगून मोकळे होणे सोपे असते. पण त्या एका वाक्याने गिऱ्हाइकाला हजारो रुपयांचा भुर्दंड पडतो. आणि पुढे दोष केबलचा निघाला तर दुकानाची साख जाते. म्हणून दोष शोधण्याचा एक क्रम आम्ही येथे देत आहोत.

उदाहरणासाठी आम्ही 'बीगलबोन ब्लॅक' हे बोर्ड घेतले आहे. ते २०१३ साली बाजारात आले. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम असते. मिनी यूएसबीच्या एकाच केबलमधून त्याला वीजही मिळते आणि माहितीची देवाणघेवाणही होते. सर्व ठीक असेल तर लॅपटॉपवर ते एक डिस्क, एक नेटवर्क आणि एक सीरियल पोर्ट म्हणून दिसते.

या जोडणीत चार टप्पे आहेत : वीज, तारा, ओळख आणि पत्ता. साखळी कोठे तुटली ते याच क्रमाने पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते कागदावर लिहावे. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलले तर बोर्ड चालू होईलही, पण दोष कोणता होता हे कळणार नाही.

१. वीज

बोर्डावरील गोल पॉवर सॉकेटजवळ एक निळा दिवा आहे. तो लागत नसेल तर हब काढून केबल थेट लॅपटॉपला लावावी. यूएसबीवरून हे बोर्ड ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज घेते. त्यावर कॅमेरा किंवा वायफायची डोंगल लावलेली असेल तर ही वीज अपुरी पडते. अशा वेळी गोल सॉकेटला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर लावावा. यूएसबी केबल माहितीसाठी तशीच राहू द्यावी.

येथे एक सावधगिरी बाळगावी. सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरची पिनही या सॉकेटमध्ये बसते. तो लावला तर बोर्डातील संरक्षक भाग वीज अडवतो, बोर्ड सुरू होत नाही आणि तसे सांगणारा कोणताही दिवा नाही. चांगले बोर्ड मेल्यासारखे दिसते. म्हणून अडॅप्टरवरील आकडा आधी वाचावा.

दिवा क्षणभर लागून विझत असेल तर पिनांना जोडलेल्या सर्व तारा काढाव्यात आणि पुन्हा पाहावे. बहुधा बाहेरच्या जोडणीत शॉर्ट सापडतो.

२. तारा

दिवा लागतो, पण लॅपटॉपला पत्ताच नाही, असे असेल तर संशय प्रथम केबलवर घ्यावा. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या दोन तारा नसतातच. दिवा लागण्याने केबल चांगली ठरत नाही.

जुना डिजिटल कॅमेरा त्याच केबलने लॅपटॉपला लावावा. फोटो उघडले तर केबल चांगली. दुकानात अशी एक पारखलेली केबल खूण करून वेगळी ठेवावी आणि ती गिऱ्हाइकाला देऊ नये. त्यानंतर बोर्डाचा मिनी यूएसबी सॉकेट भिंगाखाली पाहावा. ओढाताणीने त्याचे टाके सुटतात. नीट डाग दिला की काम होते.

३. ओळख

या बोर्डाची डिस्क व नेटवर्क हे त्यावरील लिनक्स सुरू झाल्यावरच लॅपटॉपला दिसतात. म्हणून केबल लावल्यावर मिनिटभर थांबावे. बोर्डावर चार छोटे निळे दिवे आहेत. त्यांपैकी एक हृदयाच्या ठोक्यासारखा लुकलुकतो. तो लुकलुकत असेल तर बोर्ड जिवंत आहे. पुढचा दोष लॅपटॉपच्या बाजूला शोधावा. लुकलुकत नसेल तर थेट पाचव्या पायरीकडे जावे.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून केबल काढावी आणि लावावी. यादीत नवी ओळ आली, पण तिच्यावर पिवळी खूण असेल तर ड्रायव्हरचा प्रश्न आहे. कधी कधी विंडोज या नेटवर्कला चुकून सीरियल पोर्ट समजते. तेव्हा ड्रायव्हर हाताने निवडून द्यावा लागतो. लिनक्सच्या लॅपटॉपवर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की जोडलेल्या वस्तूंची यादी मिळते.

४. पत्ता

बोर्ड ओळखले गेले, पण उघडत नाही, तर पत्ता पाहावा. विंडोजवर तो सहसा १९२.१६८.७.२ आणि मॅक किंवा लिनक्सवर १९२.१६८.६.२ असतो. या पत्त्यावर 'पिंग' करावे. उत्तर आले तर जोडणी ठीक आहे. बिघाड वरच्या प्रोग्राममध्ये आहे. प्रशिक्षण वर्ग चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की अशी दोन बोर्डे एकाच लॅपटॉपला लावली तर दोघांचा पत्ता एकच येतो आणि गोंधळ होतो.

५. शेवटची खिडकी

बोर्डावर सहा पिनांची एक रांग सीरियल जोडणीसाठी दिली आहे. तिला ३.३ व्होल्टची यूएसबी-सीरियल केबल लावावी आणि वेग ११५२०० ठेवावा. ५ व्होल्टची केबल कदापि लावू नये. बोर्ड सुरू होताना काय करते ते येथे अक्षरांत दिसते. पडद्यावर इंग्रजी 'सी' हे अक्षर पुन्हा पुन्हा उमटत असेल तर प्रोसेसर शाबूत आहे, त्याला सुरू होण्याचा प्रोग्राम मात्र सापडत नाही. मग मेमरी कार्डावर प्रणाली भरून ते बोर्डात घालावे आणि कार्डाजवळचे बटण दाबून धरून वीज द्यावी.

कार्डावरून बोर्ड सुरू झाले तर आतली मेमरी पुसून नव्याने भरण्याची घाई करू नये. त्या मेमरीत विद्यार्थ्याचे वर्षभराचे काम किंवा कारखान्याच्या नोंदी असू शकतात. बोर्ड नवे मिळते, त्या मिळत नाहीत. आधी नक्कल काढावी, मालकाची लेखी संमती घ्यावी, मगच पुसावे. चालू बोर्डाची केबल उपटल्यानेही आतल्या फाइली बिघडतात, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे. बोर्ड रीतसर बंद करावे, दिवे विझू द्यावेत आणि मग केबल काढावी.

दुसऱ्या बोर्डांनाही हाच क्रम लागू पडतो, तपशील तेवढा बदलतो. 'रास्पबेरी पाय झिरो'वर एकसारखे दोन सॉकेट आहेत. त्यांतील एक फक्त विजेचा आहे. केबल त्यात लावली तर लॅपटॉपला बोर्ड कधीच दिसणार नाही. शिवाय यूएसबीवरून नेटवर्क हवे असेल तर त्याची सेटिंग आधी चालू करावी लागते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत नवे बोर्ड आणायला गिऱ्हाइकाला पाठवण्यापूर्वी या पाच पायऱ्या पूर्ण कराव्यात. तपासणीचे शुल्क आधी सांगावे आणि ते उघडपणे घ्यावे. कारागिराच्या वेळेलाही मोल आहे. दोष केबलचा असेल तर बिलावर 'केबल बदलली' असेच लिहावे. रक्कम लहान दिसेल, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाची पायरी चढणार नाही.