गिटारला कोणते तेल लावावे?

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनापूर्वी आमच्या हातून एक चूक घडली. शाळेच्या संगीतकक्षातील जुनी गिटार निस्तेज दिसते, म्हणून तिच्या दांडीस आम्ही घरचे खोबरेल चोळले. लाकूड क्षणभर असे उजळले की आम्हांस आमच्याच कल्पकतेचे कौतुक वाटले. परंतु आठ दिवस लोटले तरी तेल सुकेना. त्यावर धूळ बसून मळकट थर झाला आणि ऐन कार्यक्रमात वाजवणाऱ्या मुलाची बोटे अडखळू लागली. जे तेल आपण रोज केसांस लावतो, ते लाकडास का मानवले नाही? या प्रश्नाचा शोध घेताना आम्हांस जे कळले, ते येथे क्रमाने मांडतो.

गिटारचा जो लांब भाग डाव्या हातात येतो, ती तिची दांडी. ती बहुधा मेपल किंवा महोगनी या लाकडांची असते. तिच्या पुढील बाजूस पडदे बसवलेली जी पट्टी असते, तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. ती शिसवी, आबनूस अथवा मेपलची करतात. आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसव या कामी जगभर नावाजलेला आहे.

आता तेलांकडे वळू. वनस्पतिज तेलांचे सुकण्याच्या दृष्टीने तीन वर्ग पडतात : सुकणारी, अर्धवट सुकणारी आणि न सुकणारी. येथे ‘सुकणे’ याचा अर्थ पाण्यासारखे उडून जाणे नव्हे. जवसाच्या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध पुष्कळ असतात. हवेतील प्राणवायू त्यांच्याशी संयोग पावतो, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. म्हणूनच सुकताना हे तेल वजनाने घटण्याऐवजी प्रथम वाढते! हे दुहेरी बंध किती आहेत, ते आयोडीन मूल्यावरून मोजतात. जवसाच्या तेलाचे हे मूल्य सुमारे १७० ते २००, शेंगदाण्याच्या तेलाचे १०० च्या आसपास, तर खोबरेलाचे अवघे १० च्या जवळपास असते. आमच्या फजितीचे मूळ या एका आकड्यात आहे.

याचा पडताळा घरीच पाहता येतो. काचेच्या तीन तुकड्यांवर ही तीन तेले एकेक थेंब घेऊन बोटाने पातळ पसरावीत आणि धूळ लागणार नाही अशा हवेशीर जागी ठेवावीत. काही दिवसांनी जवसाचे तेल प्रथम चिकट व पुढे घट्ट होते. खोबरेल मात्र जसेच्या तसे राहते. क्रिकेटच्या बॅटीस जवसाचेच तेल का लावतात, हेही यावरून उमगेल.

दांडीला सतत घामट हात लागत असल्यामुळे तिच्यासाठी सुकणारे तेलच निवडावे. कच्चे जवसाचे तेल फार सावकाश सुकते. बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारे, ज्यास रंगारी बेलतेल म्हणतात, ते त्वरेने सुकते. कारण त्यात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. यास्तव ते लावताना हातमोजे घालावेत. चीनमधील एका वृक्षाच्या बियांपासून निघणारे टंग तेल पाण्यास अधिक दाद देत नाही आणि जवसाच्या तेलापेक्षा कमी पिवळे पडते. फिकट मेपलसाठी ते उत्तम. मात्र त्या नावाने विकले जाणारे कित्येक डबे म्हणजे तेल, व्हार्निश व पातळ करणारे द्रव यांचे मिश्रण असते, म्हणून डब्यावरील मजकूर वाचूनच घ्यावे. तेलाचा थर व्हार्निशइतका कणखर नसतो. परंतु हातास तो लाकडासारखाच लागतो आणि झिजला तर पुन्हा सहज देता येतो.

कृती अशी. दांडीवर जुने व्हार्निश असल्यास तेल आत शिरतच नाही. तेव्हा लाकूड उघडे आहे ना, हे प्रथम पाहावे. तारा काढून दांडी बारीक पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेने घासावी व धूळ पुसावी. कापडाने तेलाचा पातळ हात द्यावा, दहा-पंधरा मिनिटांनी वर राहिलेले सर्व तेल पुसून घ्यावे आणि निदान एक दिवस वाळू द्यावे. असे तीन-चार हात पुरेत. पावसाळ्यात अधिक धीर धरावा.

फ्रेटबोर्डचा न्याय निराळा. शिसवी व आबनूस ही लाकडे मुळातच घट्ट आहेत. शिवाय शिसवीतील नैसर्गिक द्रव्ये तेलाच्या सुकण्यास अडथळा आणतात, आणि पडद्यांच्या कडेस तेल गोंदासारखे साचते. तेथे औषधाच्या दुकानातील लिक्विड पॅराफिनचे चार थेंब वर्षातून एक-दोनदा लावून लगेच पुसावेत. ते सुकत नाही, पण खवटही होत नाही. मेपलच्या फ्रेटबोर्डवर बहुधा व्हार्निश असते. त्यास तेल लावूच नये. तेल लाकडास ‘पोसते’, हा समजही सोडून द्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. तेल सुकण्याच्या क्रियेत उष्णता निर्माण होते. सुकणाऱ्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता तो पेट घेऊ शकतो. म्हणून अशा चिंध्या बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवाव्यात, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे. हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

आमच्या गिटारचे पुढे काय झाले? टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या फडक्याने खोबरेल पुनःपुन्हा पुसून काढले, दांडी घासली आणि जवसाच्या तेलाचे चार हात दिले. तिच्यावर आता झगमगाट नाही. पण हात मोकळा फिरतो. प्रथम आम्ही चकाकीवर भुललो होतो. वस्तूचा उपयोग आणि पदार्थाचा गुणधर्म ही दोन्ही जाणून मगच हात घालावा, एवढे त्या दांडीने आम्हांस शिकवले.