गाण्याची पुस्तकं कुठल्या फळीवर?

प्रश्न : आमच्या वाचनालयाला एका संगीतशिक्षकांच्या घरून पुस्तकं, स्वरलिपीच्या वह्या आणि जुन्या तबकड्या भेट मिळाल्या आहेत. मांडणी कशी करावी?

उत्तर : आधी गायचं-वाजवायचं साहित्य आणि संगीताविषयीचं लेखन वेगळं करा. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०४ च्या वर्गीकरणात हेच केलं : स्वरलिपी ‘एम’मध्ये, संगीतविषयक ग्रंथ ‘एमएल’मध्ये. ड्युई दशांश पद्धतीत दोन्ही ७८० च्या घरातच येतात. तंतुवाद्यं ७८७, सुषिर वाद्यं ७८८. तबल्यापाशी मात्र जपा. तालवाद्यं पूर्वी ७८९ ला होती, १९८९ च्या विसाव्या आवृत्तीत ती ७८६ मध्ये आली. कोणतीही एकच आवृत्ती धरा.

पण खरी अडचण पुढेच आहे. विद्यार्थी क्रमांक मागत नाही, ‘यमनची बंदिश आहे का?’ असं विचारतो. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहाही भाग एकत्र ठेवलेत, तरी यमन कुठल्या भागात हे पाठीवरून कळत नाही. म्हणून रागवार कार्डं कराच : राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, पुस्तक, पान. वेळ लागेल, पण संग्रह यानेच वापरात येईल.

तबकड्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. आणि वह्यांमधल्या गुरुजींच्या पेन्सिलीच्या खुणा कृपा करून खोडू नका.