सीमेवरचा नायक व त्याचे प्रतिस्पर्धी : एर्तुग्रुल आणि शहाजी

राज्यसंस्थापकाचा पिता हा ऐतिहासिक कथनातील एक अवघड नायक होय. त्याचे चरित्र बहुधा पुत्राचा पराक्रम सिद्ध झाल्यानंतर रचले जाते आणि म्हणून ते प्रस्तावनेसारखे वाचले जाते. २०१४ ते २०१९ या काळात तुर्की दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झालेली ‘दिरिलिश : एर्तुग्रुल’ ही मालिका याचे ठळक उदाहरण आहे. एर्तुग्रुल हा उस्मानी सत्तेचा संस्थापक उस्मान याचा पिता. तेराव्या शतकातील या टोळीप्रमुखाविषयी समकालीन पुरावा जवळजवळ नाही. उस्मानच्या नाण्यावर पित्याचे नाव येते, परंतु विस्तृत वृत्तांत पंधराव्या शतकातील इतिवृत्तकारांचे आहेत. ही रिकामी जागा मालिकेने प्रतिस्पर्ध्यांनी भरून काढली आहे : टेंप्लर सरदार, मंगोल नोयान आणि स्वतःच्याच कायी टोळीतील कुर्दोग्लू. यांपैकी प्रत्येकाचा पाडाव नायकाची निष्ठा अधिक उजळ करतो.

मराठी वाचकास येथे शहाजीराजे भोसले यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेही संस्थापकाचे पिता आणि तेही सीमेवरचे सरदार. मात्र त्यांच्याबाबत अडचण उलट आहे. येथे पुरावा विपुल आहे, आणि तो नाट्याच्या सोयीचा नाही. निजामशाही, मुघल व आदिलशाही अशा तिन्ही सत्तांची सेवा त्यांनी केली. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या स्वारीत केंपेगौडांचे बेंगळूर आदिलशाहीकडे आले व ते शहाजींची जहागीर बनले. याच दरबारात जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला, जो वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतील रचना आहेत. नायक हयात असताना, पुत्राच्या कीर्तीची वाट न पाहता लिहिलेले हे काव्य आहे. बेंगळूरचा शहाजी येथे कोणाचीही प्रस्तावना नाही.

प्रतिस्पर्ध्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. १६४८ मध्ये जिंजीजवळ मुस्तफाखानाने शहाजींस कैद केले. त्या कामी बाजी घोरपडे पुढे होता. १६४९ मध्ये सुटका झाली, पण तिच्यासाठी कोंढाणा सोडावा लागला. हा बाजी परका नव्हे. तो त्याच दरबाराचा चाकर, आणि घराण्याच्या परंपरेनुसार भोसल्यांचा भाऊबंदच. १६६४ च्या आरंभी होदिगेरे येथे शहाजींचा मृत्यू झाला. त्याच वर्षी शिवाजीमहाराजांनी मुधोळवर चालून जाऊन बाजीस ठार केले. मालिकेचा लेखक येथे समाधानाने पडदा पाडील.

इतिहास मात्र तेथे थांबत नाही. १६७७ मध्ये महाराजांनी बाजीचा पुत्र मालोजी घोरपडे यास पत्र लिहून जुने वैर विसरण्याचे व आपल्या पक्षास येऊन मिळण्याचे आवाहन केले. ज्याच्या पित्यास मारले त्यालाच आपला मानण्याची ही भूमिका सूडकथेच्या चौकटीत बसत नाही.

यावरून एक निष्कर्ष निघतो. सीमेवर प्रतिस्पर्धी हा कालचा सोबती असतो व उद्याचा सहकारी होऊ शकतो. निष्ठा ही तेथे वारंवार ठरवावी लागणारी गोष्ट असते. तिला जन्मजात गुण मानून जे नाट्य उभे राहते ते रंजक असेल, परंतु ते शहाजींपासून त्यांची बेंगळूरमधील वर्षे आणि मालोजीपासून त्याला आलेले पत्र हिरावून घेते. ऐतिहासिक नाट्याची कसोटी पाहताना म्हणूनच खलनायक किती क्रूर रंगविला आहे यापेक्षा, त्याच्याशी पुन्हा बोलण्याची वाट लेखकाने खुली ठेवली आहे काय, हे पाहणे अधिक उचित ठरेल.