जुन्या कौलारू घरात न्हाणीघर

प्रश्न : सानगडी (ता. साकोली) येथील मातीच्या भिंतींच्या घरात, मागच्या पडवीत न्हाणीघर व शौचालय एकत्र बांधताना कशाचा विचार आधी करावा?

उत्तर : फरशीचा रंग शेवटी ठरतो, पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, हे आधी ठरवावे लागते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एकत्रित न्हाणीघर-शौचालयास किमान 2.8 चौरस मीटर क्षेत्र आणि 1.2 मीटर रुंदी लागते, व पडवीत एवढी जागा सहसा निघते. खरी अडचण मातीच्या भिंतीची असते, कारण ओल धरलेली माती ढासळते. म्हणून जुन्या भिंतीला न टेकता आतून वेगळी विटांची भिंत उभारून तिला जलरोधक लेप देणे हिताचे ठरते. जमिनीस दर मीटरला 10 ते 15 मिलिमीटर उतार नहाणी ट्रॅपकडे द्यावा. हा ट्रॅप म्हणजे सांडपाण्याच्या वाटेवरील वाकडी वाटी, जिच्यात साचून राहिलेले सुमारे 50 मिलिमीटर पाणी नळीतील दुर्गंधीला वर येऊ देत नाही. घर महिनाभर बंद राहिले की ते पाणी सुकते आणि वास सुटतो, याचा दोष मात्र गवंड्याला दिला जातो. फरशी बसवण्यापूर्वी निचऱ्याचे तोंड बंद करून 24 तास पाणी साठवून पाहावे. भाताच्या या पट्ट्यात पावसाळ्यात भूजल वर येत असल्याने शौचाचा शोषखड्डा विहिरीजवळ खोदू नये.