इंजिनाची पॅकिंग

माघ महिना होता. गहू पोटरीत आला होता. पोटरीत पाणी चुकले, की ओंब्या बारीक राहतात. मग वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणून आबा आणि त्यांचा मुलगा पहाटेच विहिरीवर गेले. मुलाने हँडल मारले. डिझेल इंजीन सुरू झाले. आबा दारे धरायला गेले.

तीन वाफे भिजले. मग पाटाचे पाणी बारीक झाले. इंजीन धापा टाकू लागले आणि बंद पडले. मुलगा धावत गेला. इंजीन भट्टीसारखे तापले होते. निवल्यावर त्याने पुन्हा हँडल मारले. खटका टाकला, तरी हँडल जड होईना. हेडच्या सांध्यातून फस् फस् असा आवाज आला.

“आबा, पॅकिंग गेली! आन् तालुक्याचा मिस्त्री चार दिवस यायचा न्हाई.”

“मग आपणच खोलू. पण आधी समजून घेऊ. समजल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.”

आबांनी ट्रंकेतून इंजिनाचे पुस्तक काढले. इंजिनाबरोबर आलेले ते मराठी पुस्तक इतकी वर्षे तसेच पडून होते. गेल्या वर्षी आबा रात्रीच्या वर्गाला गेले. आता त्यांना अक्षर लागत होते. आकडाही लागत होता.

पॅकिंग काय काम करते?

रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आपले इंजीन यशस्वी करून दाखवले. त्याचे नाव आज इंजिनालाही आहे आणि तेलालाही. या इंजिनात ठिणगी लागत नाही. दट्ट्या हवेला दाबतो. सोळा-सतरा वाटे हवा एका वाट्याच्या जागेत कोंबली जाते. त्यामुळे ती ५०० अंशांहून जास्त तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडला, की ते आपोआप पेट घेते.

आता सांगा, ही हवा कोंडून कोण ठेवते? खाली ब्लॉक असतो. वर हेड असते. दोन्ही लोखंडी. लोखंडावर लोखंड कितीही नीट बसवले, तरी बारीक फट राहतेच. म्हणून मध्ये पॅकिंग घालतात. दुकानात तिला हेड गॅस्केट म्हणतात. ती जळालेली हवा आत ठेवते आणि पाण्याच्या वाटा वेगळ्या राखते. बऱ्याच इंजिनांत तेलाची वाटही तीच राखते. ती फाटली, की कोंडलेली हवा निसटते. हवा तापत नाही. डिझेल पेटत नाही.

दुखणे कसे ओळखावे?

इंजीन सुरू व्हायला त्रास देते. जोर कमी पडतो. इंजीन थंड करून बाहेर येणाऱ्या पाण्यात सारखे बुडबुडे दिसतात. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. तेल दुधाळ दिसते. दुधाळ तेल म्हणजे तेलात पाणी गेले. अशा तेलावर इंजीन चालवू नये, बेअरिंग खराब होते. ते तेल बदलावेच लागते.

खोलताना

इंजीन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम हेड खोलले तर ते वाकते, आणि गरम पाण्याने हात भाजतो तो वेगळाच. मग डिझेलचा कॉक बंद करावा. इंजिनातले पाणी काढून टाकावे. डिझेलची नळी, नोझल, सायलेन्सर आणि पाण्याची नळी काढावी. उघड्या तोंडांना स्वच्छ फडके बांधावे. नंतर रॉकर काढावा. दोन्ही पुशरॉड काढून कोणता कुठला ते खूण करून ठेवावे.

हेडचे नट एकदम सोडू नयेत. प्रत्येक नट थोडा थोडा, समोरासमोरचा धरून सैल करावा. हेड चिकटले असेल तर लाकडी हातोड्याने हलके ठोकावे. मुलाने छिन्नी उचलली, तेव्हा आबांनी त्याचा हात धरला. “छिन्नी फटीत घातलीस तर हेडला खाच पडेल. दोनशेची पॅकिंग वाचवायला जाशील आणि हेड गमावशील.”

जुनी पॅकिंग खरवडताना धूळ उडवू नये. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ छातीत गेली, तर पुढे फुप्फुसाचा असाध्य रोग होतो. म्हणून आधी पाणी शिंपडावे. नाकाला मास्क लावावा. बोथट पट्टीने ओलेच खरवडावे. फुंकर मारू नये. सिलिंडरच्या तोंडात फडके कोंबावे, म्हणजे कचरा आत पडणार नाही. ही जागा पुढे कोरडी आणि स्वच्छ पुसावी. स्टडच्या भोकांतही पाणी राहू देऊ नये.

मग हेडवर लोखंडाची सरळ पट्टी उभी धरावी. उभी, आडवी आणि तिरपी, अशी सगळीकडे. पट्टीखालून वर्तमानपत्राच्या कागदाची चिंधी सरकते का, ते पाहावे. हा कागद मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. तो सरकला, तर हेड वाकले आहे असे समजावे. ते वर्कशॉपमध्ये नेऊन घासून सपाट करून घ्यावे. वाकड्या हेडखाली नवी पॅकिंग टिकत नाही.

“जुनीच पॅकिंग पुसून लावू का, आबा?” मुलाने विचारले. “पैसे वाचतील.”

“एकदा दबली ती दबली. ती पुन्हा फुगत नाही.”

नवी पॅकिंग त्याच इंजिनाची, त्याच जाडीची हवी. पातळ घातली, तर दट्ट्या हेडला आपटेल. जाड घातली, तर हवा पुरती दबणार नाही. पॅकिंगची भोके ब्लॉकच्या भोकांवर नीट येतात ना, ते पाहावे. पाण्याचे भोक झाकले गेले, तर इंजीन पुन्हा तापेल.

आवळताना

नट आवळण्याचे एक माप असते. त्याला टॉर्क म्हणतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलो वजन टांगले, तर नटाला १० किलोग्रॅम-मीटर पीळ बसतो. पाना अर्धा मीटर असेल, तर तेवढ्याच पिळाला २० किलो लागतात. आपल्या इंजिनाचे माप पुस्तकात असते. माप दाखवणारा टॉर्क पाना शेजाऱ्याकडून किंवा दुकानातून आणावा.

नट आधी हाताने बसवावेत. मग समोरासमोरचा क्रम धरून तीन फेऱ्यांत आवळावेत. पहिल्या फेरीत मापाचा तिसरा हिस्सा, दुसऱ्या फेरीत दोन हिस्से, तिसऱ्या फेरीत पूर्ण माप. आबांनी आकडा वाचला आणि मुलाने पाना ओढला. पुस्तकातला टॅपेटचा आकडाही आबांनीच वाचला. इंजीन थंड असताना, दोन्ही व्हॉल्व बंद असताना, तेवढी फट त्यांनी ठेवली. मग डिझेलच्या नळीतली हवा काढली. नोझलचा फवारा पाहायला हात पुढे धरू नये. तो कातडीत शिरतो.

मूळ कारण कोठे होते?

“पण आबा, पॅकिंग गेलीच कशानं?”

दोघे विहिरीत उतरले. पाणी खाली गेले होते. पंपाच्या फूटव्हॉल्वला, ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, पालापाचोळा चिकटला होता. म्हणून पाणी बारीक झाले. इंजीन थंड करायलाही तेच पाणी येत होते. पाणी तुटले, इंजीन तापले, पॅकिंग जळली. हा पाला काढला नसता, तर नवी पॅकिंगही आठवड्यात जळाली असती. दोघांनी जाळी धुतली आणि फुटबॉल खाली सोडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हँडल जड लागले. खटका पडला. इंजीन बोलू लागले. पाणी पाटाने गव्हाकडे गेले. संध्याकाळी इंजीन निवले, तेव्हा पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आबांनी नट आणि टॅपेट पुन्हा तपासून घेतले. मग हात पुसून पुस्तक ट्रंकेत न ठेवता भिंतीवरच्या फळीवर ठेवले.

ध्यानात ठेवा

१. पाणी बारीक झाले, की इंजीन लगेच बंद करा.
२. इंजीन थंड झाल्याशिवाय हेड खोलू नका.
३. नट समोरासमोर आणि मापाने आवळा.
४. पॅकिंग बदला, पण ती का जळाली तेही शोधा.

सांगा पाहू

१. जाड पॅकिंग घातली तर काय होते?
२. तेल दुधाळ का होते?
३. तुमच्या इंजिनाचे पुस्तक कोठे आहे? त्यातला टॉर्कचा आकडा शोधून वहीत लिहा.