पाने सांधणारी मुंगी : निसर्गाभ्यासाचा एक पाठ

कोकणात आंबा, काजू इत्यादी झाडांवर हिरवी पाने एकमेकांस जोडून केलेली घरटी आढळतात. ती तांबड्या मुंग्यांची होत. ही मुंगी कडकडून चावते. म्हणून घरटे दिसताच मुले दगड मारतात. हात उगारण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे, ही सवय लावणे हा या पाठाचा हेतू आहे.

फांदीखाली कोणास उभे राहू देऊ नये. चार हात दुरून नवे घरटे दाखवावे. अनेक मुंग्या ओळीने उभ्या राहून पानांच्या कडा जवळ ओढतात. अंतर अधिक असल्यास एकमेकींची कंबर जबड्यात धरून साखळी करतात. मग काही मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून दोन्ही कडांवरून धोट्याप्रमाणे फिरवितात. अळीने सोडलेल्या रेशमी धाग्याने पाने सांधली जातात. प्रौढ मुंगीस असा धागा काढता येत नाही.

“मुंगी हुशार आहे” हे मत होय. “सात मुंग्या एक पान ओढीत होत्या” हे निरीक्षण होय. हा भेद वहीत पक्का करून घ्यावा.

चीनमध्ये सुमारे १७०० वर्षांपूर्वी किडीचा नाश व्हावा म्हणून संत्र्यांच्या बागांत ही घरटी टांगीत. मात्र गोड रसासाठी हीच मुंगी झाडाचा रस शोषणाऱ्या काही किडींचे रक्षणही करते. तेव्हा घरटे राखावे की काढावे, याचे उत्तर शिक्षकांनी आधी देऊ नये. आठवडाभर नोंदी झाल्यावर मुलांनीच कारणांसह ते लिहावे.