लिस्बनचे ‘पाश्तेल द नाता’

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु स्वयंपाकघरातही इतिहास नांदत असतो. पोर्तुगालातील ‘पाश्तेल द नाता’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पापुद्र्यांच्या उघड्या वाटीत गोड सारण भरून भाजलेल्या पदार्थास ‘टार्ट’ म्हणतात. हा त्यांतीलच एक. ‘नाता’ म्हणजे साय.

लिस्बनमध्ये नदीकाठी बेलें नावाचा भाग आहे. 1497 साली वास्को द गामा येथूनच हिंदुस्थानाकडे निघाला. पुढे येथे जेरोनिमुश मठ उभारला गेला. मठांतून वस्त्रांना खळ देण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग वापरीत आणि उरलेल्या पिवळ्या बलकाची मिठाई करीत, असे परंपरा सांगते. साखर प्रथम मादैरा बेटातून व नंतर ब्राझीलमधून येई. तिच्यामागे गुलामांचे कष्ट होते, हे विसरता कामा नये.

1834 साली पोर्तुगालातील भिक्षूंचे मठ सरकारने बंद केले. आसरा गेला, पण हातची विद्या कोण हिरावून घेणार? बेलेंच्या मठातील मंडळींनी उदरनिर्वाहासाठी हे टार्ट विकावयास आरंभ केला, असे सांगतात. 1837 साली तेथे सुरू झालेले दुकान आजही चालू आहे. तेथील मूळ कृती मोजक्याच कारागिरांस ठाऊक असते.

सर्वसामान्य रीत मात्र गुप्त नाही. मैद्याच्या कणकेत लोणी घालून ती वारंवार लाटतात व दुमडतात. मग तिची वळकटी करून तुकडे कापतात आणि प्रत्येक तुकडा ओल्या अंगठ्याने साच्यात दाबून वाटी घडवितात. दूध, थोडा मैदा, साखरेचा पाक, दालचिनी व लिंबाची साल शिजवून त्यात पिवळा बलक मिसळतात. मैद्यामुळे बलक फाटत नाही. भट्टी अतिशय तापलेली हवी. कणकेतील पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात, आणि सारण आटण्यापूर्वीच त्यावर काळसर डाग पडतात. हे डाग दोष नव्हेत. तीच उत्तम भाजणीची खूण होय.

आमच्या गोव्यातील बेबिंकाही पिवळ्या बलकाचीच. तिच्यात दुधाच्या जागी नारळाचा रस व लोण्याच्या जागी तूप येते, आणि झाकणावर निखारे ठेवून एकेक थर वरून भाजला जातो. लिस्बनच्या भट्टीत व आमच्या आजीच्या चुलीवर वरच्या आचेचे महत्त्व सारखेच आहे.

मठाच्या भिंती त्या कारागिरांस राखू शकल्या नाहीत. त्यांच्या कलेने मात्र त्यांना राखले. घरातील वडीलधाऱ्यांच्या हातांत अशी कोणती विद्या आहे, हे या सुटीत आपण आस्थेने विचारून घ्यावे, एवढीच आमची विनंती.